हरणं सगळ्यांची, मग रोगाचा खर्च शिकाऱ्यांवरच का?

डिसेंबर २०२२ च्या अखेरीस अमेरिकेच्या भल्यामोठ्या अर्थसंकल्पी विधेयकाबरोबर एक छोटा कायदा मंजूर झाला. हरणं आणि त्यांच्याच कुळातले मोठे एल्क आणि मूस यांना होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (सीडब्ल्यूडी) या रोगासाठी दरवर्षी ७ कोटी डॉलर खर्च करण्याची मुभा त्याने दिली. निम्मे संशोधनाला, निम्मे राज्यांना आणि मूलनिवासी जमातींना प्रत्यक्ष रोगनियंत्रणासाठी. विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट रॉन काइंड आणि पेनसिल्वेनियाचे रिपब्लिकन ग्लेन थॉम्पसन यांनी तो मिळून पुढे रेटला होता. हे दोन पक्ष एखाद्या गोष्टीवर हल्ली क्वचितच एकत्र येतात, म्हणून तेव्हा कौतुकही बरंच झालं.

पण मुभा म्हणजे पैसे नव्हेत. तिथे कायदा खर्चाची कमाल मर्यादा ठरवतो. तिजोरीतून तरतूद मात्र दरवर्षी वेगळी करावी लागते. ती ७ कोटींच्या जवळपासही गेली नाही. २०२४ मध्ये केंद्राच्या कृषी खात्याने राज्यांसाठी आणि जमातींसाठी खुला केलेला निधी साधारण १ कोटी २० लाख डॉलरचा होता, आणि त्यातही जंगली हरणांबरोबर फार्मवरच्या हरणांचा वाटा होता. रोग तोवर तीसहून जास्त राज्यांत पोचला होता.

हा खर्च करायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो रोग दारात येण्याआधी करायला हवा, आणि तो सगळ्या करदात्यांनी उचलायला हवा. पण त्याहीआधी एक गोष्ट व्हायला हवी: सरकारने स्वतःच्याच पैशाने या रोगाचा मार्ग सोपा करणं थांबवावं.

रोग कसा आहे ते समजल्याशिवाय पैशाची चर्चा नीट होत नाही. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या संशोधन केंद्रात बंदिस्त ठेवलेली म्यूल डिअर जातीची हरणं खंगू लागली. वजन उतरायचं, लाळ गळायची, मान खाली घालून जनावर एकाच जागी उभं राहायचं आणि शेवटी मरायचं. दहाएक वर्षं हे खाण्यापिण्यातलं काही कमी पडल्यामुळे होतंय, अशीच समजूत होती. १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्यक संशोधिकेने मेलेल्या हरणांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात स्पंजासारखी भोकं होती. मेंढ्यांमधला स्क्रेपी किंवा पुढे ब्रिटनमध्ये गाजलेला गाईंचा ‘मॅड काऊ’ यांच्याच कुळातला हा आजार होता. १९८१ मध्ये तो रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या मोकळ्या एल्कमध्ये सापडला.

या रोगाचं कारण ना विषाणू आहे ना जीवाणू; ते आहे प्रायॉन. प्रायॉन म्हणजे चुकीच्या घडीचं प्रथिन, जे शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तशीच चुकीची घडी पाडत जातं. या कल्पनेसाठी स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल मिळालं. प्रायॉनवर लस नाही, औषध नाही, आणि बरं झालेलं एकही जनावर नाही. लागण झाल्यावर साधारण दीड-दोन वर्षं हरीण धडधाकट दिसतं आणि त्या काळातच लाळ, मूत्र, लेंडीवाटे रोग पसरवत राहतं. मेल्यावर त्याच्या कलेवराखालची माती वर्षानुवर्षं बाधक राहते.

ही माती काय चीज आहे, हे फोर्ट कॉलिन्सच्याच केंद्राने अनुभवलं. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथली सगळी हरणं आणि एल्क मारण्यात आले, जमीन उलथी केली, क्लोरीनच्या रसायनाने फवारून काढली आणि आवार वर्षभर रिकामं ठेवलं. मग एल्कची निरोगी पाडसं आणली. काही वर्षांत त्यांच्यातही रोग उमटला. कुंपणाच्या आत, सगळे अधिकार हाताशी असताना, तज्ज्ञांना जे जमलं नाही ते हजारो चौरस किलोमीटरच्या जंगलात नंतर कधीतरी करू, असं म्हणणं म्हणजे न करण्याचीच कबुली आहे. या रोगाशी लढायची वेळ एकच: तो नवीन आलेला असतो आणि मोजक्या जनावरांत असतो तेव्हा.

पैसा मात्र नेमका उलट वेळी येतो. २००१ मध्ये केंद्राच्या कृषी खात्याने फार्मवरच्या एल्कसाठी आणीबाणी जाहीर केली. २००२ मध्ये मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, विस्कॉन्सिनमध्ये, रोग पहिल्यांदाच सापडला तेव्हा देशभर धावपळ झाली आणि राज्यांना केंद्राचे पैसे मिळू लागले. ‘मॅड काऊ’ची भीती ताजी होती, म्हणून हात सैल होता. भीती ओसरली, माणसाला लागण झाल्याचं काही दिसेना, आणि २०१२ च्या सुमारास राज्यांना जंगली हरणांच्या तपासणीसाठी मिळणारा केंद्राचा निधी बंद झाला. ज्या राज्यांत रोग नव्हता त्यांनी सगळ्यात आधी तपासणी आटपती घेतली. त्यानंतरच्या दशकात रोग राज्यामागून राज्यात ‘सापडत’ गेला. तो त्या वर्षी आला होता की पाच वर्षांपूर्वीच येऊन बसला होता, हे सांगायला मधल्या काळातले नमुनेच अनेक ठिकाणी नव्हते. एका अभ्यासाने २००० ते २०२१ या काळातला केंद्राचा खर्च २८ कोटी डॉलरहून जास्त धरला आहे. रक्कम लहान नाही. पण ती सलग नव्हती, आणि या रोगात सलगपणाला रकमेइतकंच मोल आहे.

याचा पुरावा शेजारशेजारच्या दोन राज्यांत मिळतो. विस्कॉन्सिन आणि इलिनॉय, दोन्हीकडे रोग २००२ मध्येच सापडला. विस्कॉन्सिनने सुरुवातीला मोठा पवित्रा घेतला: बाधित पट्ट्यातली हरणं जवळजवळ संपवायची. शिकारी आणि जमीनमालक नाराज झाले. निरोगी दिसणारी हरणं सरसकट मारणं त्यांच्या गळी उतरलं नाही, आणि त्यात त्यांचं काही फार चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना विश्वासात न घेता त्यांच्याच बंदुकांवर ही योजना उभी होती. चार-पाच वर्षांत राज्याने माघार घेतली आणि हळूहळू नुसतं लक्ष ठेवण्याच्या धोरणावर आलं. इलिनॉयने सगळीकडे हात घातला नाही. दर हिवाळ्यात, शिकारीचा हंगाम संपल्यावर, जिथे बाधित हरीण सापडलं नेमक्या त्याच तुकड्यात सरकारी नेमबाज जाऊन मोजकी हरणं टिपत राहिले. दरवर्षी, न थांबता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत इलिनॉयमध्ये रोगाचं प्रमाण सुमारे १ टक्क्यावर टिकून होतं, विस्कॉन्सिनमध्ये धोरण बदलल्यापासून ते चढत होतं. आज दक्षिण-पश्चिम विस्कॉन्सिनच्या काही काउंटींत (जिल्ह्यांत) तपासलेल्या प्रौढ नरांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक बाधित निघतात. इलिनॉयमध्येही रोग संपलेला नाही, प्रमाण सावकाश वाढतंच आहे. पण ‘काही केलं तरी काही होत नाही’ हे विधान या दोन राज्यांच्या सीमेवर खोटं ठरतं.

न्यूयॉर्कचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. २००५ मध्ये ओनायडा काउंटीत आधी फार्मवर आणि मग दोन जंगली हरणांत रोग सापडला. राज्याने लगेच आसपासची हरणं कमी केली, तपासणी वाढवली, चारा टाकायला आणि कलेवरांच्या वाहतुकीला आळा घातला. तिथल्या जंगली हरणांत तो पुन्हा वर्षानुवर्षं दिसला नाही. आधीपासून तपासणी चालू होती म्हणून तो वेळेत दिसला, आणि दिसला तेव्हा थोड्याच जनावरांत होता. न सापडणाऱ्या रोगासाठी तपासणीवर केलेला खर्च वाया गेला असं अर्थसंकल्पात दिसतं खरं, पण न्यूयॉर्क वाचलं ते त्याच खर्चामुळे.

आता हा खर्च करतं कोण? भारतात वन्यजीवांची शिकार कायद्याने बंद आहे आणि वन्यजीवांचा खर्च मुख्यतः सरकारी तिजोरीतून होतो, म्हणून आपल्या वाचकाला तिथली व्यवस्था चटकन कळत नाही. अमेरिकेत जंगली प्राणी कुणाच्या खासगी मालकीचे नसतात, जमीन खासगी असली तरी नाही. राज्य त्यांचं विश्वस्त असतं, सगळ्या जनतेच्या वतीने. हे तत्त्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एकोणिसाव्या शतकातल्या निकालांपासून चालत आलं आहे. पण विश्वस्ताच्या खिशात येणारे पैसे मुख्यतः दोन वाटांनी येतात: शिकारीचे परवाने, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या उत्पादन करातून मिळणारा वाटा. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर हा कर ११ टक्के आहे. त्या पैशातून केंद्र राज्यांच्या वन्यजीव कामाचा तीन-चतुर्थांशपर्यंत खर्च भरून देतं. या व्यवस्थेने तिथली हरणं वाचवली, हे मान्यच करायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीचं हरीण कित्येक राज्यांतून नाहीसं झालं होतं; आज ती संख्या कोटींमध्ये आहे.

पण ही व्यवस्था रोगापुढे लंगडी पडते. रोग वाढला की शिकारी कमी होतात. विस्कॉन्सिनमध्ये २००२ च्या हंगामातच परवान्यांची विक्री सुमारे एक दशांशाने घटली. म्हणजे खर्च वाढतो त्याच वर्षी उत्पन्न घटतं. शिवाय शिकाऱ्यांची पिढी म्हातारी होत चालली आहे. मग राज्याचं खातं सीडब्ल्यूडीसाठीचे पैसे दुसऱ्या कामातून काढतं, आणि ज्या प्राण्यांची शिकार होत नाही त्यांच्या वाट्याचा अभ्यास, देखभाल, अधिवास मागे पडतो.

हरणांना पाहणारे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय उद्यानांत जाणारे, त्यांच्या जंगलामुळे घरांच्या किमती वाढलेले सगळे या ठेव्याचे मालक आहेत. रोगाच्या वेळी मात्र बिल एकाच गटाला जातं. त्यातही मूलनिवासी जमातींची स्थिती वेगळी आहे. अनेक जमातींमध्ये हरीण आणि एल्क हे अजूनही रोजच्या जेवणातलं मांस आहे आणि करारांनी मिळालेला हक्क आहे. रोग त्यांनी आणला नाही. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आणि कर्मचारी मात्र सगळ्यात कमी आहेत. केंद्राच्या निधीत त्यांचा वाटा स्पर्धेतून अर्ज जिंकण्यावर सोडू नये, तो आधीच बाजूला काढून ठेवावा.

आणि आता ज्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो. वायोमिंगमध्ये, यलोस्टोनच्या दक्षिणेला, हिवाळ्यात एल्कसाठी चारा टाकला जातो. दुष्काळात आपल्याकडे चारा छावण्या लागतात, तशाच या कायमच्या हिवाळी छावण्या आहेत. फरक इतकाच की आपल्या छावणीतलं जनावर दावणीला असतं, त्याचा मालक शेजारी असतो आणि पशुवैद्यक फेरी मारून जातो. इथे हजारो मोकळे एल्क एकाच बर्फाळ मैदानावर, एकमेकांच्या लाळेवर आणि लेंड्यांवर, महिनोन् महिने खात राहतात. जॅक्सन गावाशेजारचं नॅशनल एल्क रेफ्यूज १९१२ पासून केंद्र सरकारचं आहे. राज्याच्या अशा वीसएक जागा वेगळ्या.

सुरुवात दयेपोटी झाली होती. जॅक्सन वसलं, कुरणं कुंपणात गेली, एल्कच्या हिवाळी स्थलांतराची वाट बंद झाली आणि ते उपाशी मरू लागले. पुढे दुसरं कारण जोडलं गेलं: एल्क रँचवर शिरले तर गाईंना ब्रुसेलोसिस हा गर्भपात घडवणारा रोग होईल, म्हणून त्यांना छावणीत थोपवून ठेवायचं. हा ब्रुसेलोसिस मुळात गाईंकडूनच एल्कमध्ये गेला होता आणि छावणीतल्या गर्दीने तो एल्कमध्ये टिकला. आता त्याच गर्दीत प्रायॉन येऊन पडला आहे. २०२० मध्ये तो ग्रँड टीटन नॅशनल पार्कच्या एल्कमध्ये सापडला, २०२३ मध्ये यलोस्टोनच्या एका म्यूल डिअरमध्ये, आणि २०२४-२५ च्या हिवाळ्यात राज्याच्या चारा छावण्यांतच मेलेल्या एल्कमध्ये.

म्हणजे एका हाताने केंद्र आणि राज्य रोगावर संशोधन आणि नियंत्रणासाठी पैसे देतात, दुसऱ्या हाताने दर हिवाळ्यात चाऱ्यावर लाखो डॉलर घालून रोगाला हवी तशी गर्दी जमवतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संशोधकांनी या एल्कच्या भवितव्याचे हिशेब मांडले आहेत. वीस वर्षांचा काळ धरला तर छावण्या चालू ठेवण्यात कळपाचं नुकसान अधिक आहे, असं त्यातून निघतं. तरी २०२१ मध्ये वायोमिंगने कायदाच केला की छावणी कायमची बंद करण्याचा निर्णय गव्हर्नरच घेईल. वन्यजीव खात्याच्या हातून तो काढून घेतला.

छावण्या एका हिवाळ्यात बंद करा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर हजारो एल्क मरतील, उरलेले रँचवरच्या गवताच्या गंज्यांकडे जातील आणि रँचवाल्यांचा राग रास्त असेल. पण रोगनियंत्रणाचा पैसा सगळ्यात आधी इथेच जायला हवा: रँचच्या गंज्यांना मजबूत कुंपण, ज्यांच्या जमिनीवर एल्क हिवाळा काढतील त्यांना रीतसर मोबदला, स्थलांतराच्या वाटांवरच्या जमिनींचे करार, आणि चाऱ्याचे दिवस दरवर्षी ठरल्याप्रमाणे कमी करत नेणं. वेळापत्रक लेखी हवं. जे राज्य तसं वेळापत्रक देणार नाही त्याला नियंत्रणाचा केंद्रीय निधी देणं म्हणजे गळती चालू ठेवून पाणी भरणं.

हाच प्रश्न फार्मवरच्या हरणांचा. मोठ्या शिंगांचे नर पैदा करून बंदिस्त शिकारगाहांना विकायचे, असा हा धंदा आहे. जनावरं ट्रकमधून राज्याच्या सीमा ओलांडतात आणि त्यांच्याबरोबर रोगही; दक्षिण कोरियात तो पोचला तोच कॅनडातून आयात केलेल्या एल्कबरोबर. आयोवातल्या एका फार्मवर २०१४ मध्ये ३५६ हरणं मारली, तर २८४ बाधित निघाली. मालकाला केंद्राकडून नऊ लाख डॉलरहून अधिक भरपाई मिळाली. भरपाईला माझा विरोध नाही. ती नसेल तर लोक रोग लपवतील. पण भरपाई घेणाऱ्याला अटी हव्यात: दुहेरी कुंपण, मेलेल्या प्रत्येक जनावराची तपासणी, आणि बाधित जमीन पुढे कित्येक वर्षं हरणांसाठी बंद ठेवण्याचं बंधन. केंद्राचा प्रमाणन कार्यक्रम आजही ऐच्छिक आहे. सीमापार वाहतूक करायची तर तो लागतो, पण प्रमाणित फार्मवरही रोग सापडलेला आहे.

विरोधात बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे मी गंभीरपणे घेतो. पहिला: माणसाला अजून एकही लागण झालेली नाही. खरं आहे, आणि हरणाचा प्रायॉन माणसापर्यंत सहज पोचत नाही असंच आजवरच्या अभ्यासांतून दिसतं. तरी अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र बाधित जनावराचं मांस खाऊ नका असंच सांगतं. ब्रिटनने गाईंच्या बाबतीत बरीच वर्षं ‘धोका नाही’ म्हटलं आणि मार्च १९९६ मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांना संसदेत उभं राहून उलट सांगावं लागलं. पुढे १७८ माणसं गेली. हरणांचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण बाधित मांस दरवर्षी हजारो ताटांत जातंय आणि तपासणी मोफत आणि जवळ नाही, ही स्थिती मला मान्य नाही.

दुसरा मुद्दा: निसर्ग आपलं पाहून घेईल, प्रतिकारक हरणं उरतील. काही जनुकीय प्रकारांत रोग सावकाश चालतो हे खरं, पण सावकाश चालणं म्हणजे न होणं नव्हे. ते जनावर जास्त काळ रोग पसरवतं. वायोमिंगच्या कॉन्व्हर्स काउंटीतल्या म्यूल डिअरची संख्या अभ्यासाच्या काळात दरसाल २१ टक्क्यांच्या वेगाने घटत होती. या वेगाने निसर्गाने पाहून घेईपर्यंत पाहण्यासारखं काय उरेल?

नॉर्वेने हा प्रश्न असा सोडून दिला नाही. २०१६ मध्ये नॉर्डफ्येला डोंगराळ भागातल्या जंगली रेनडिअरमध्ये रोग दिसला, तेव्हा त्या देशाने दोन हजारांहून अधिक रेनडिअरचा अख्खा कळप २०१८ पर्यंत संपवला आणि तो भाग ओसाड ठेवला. निर्णय क्रूर होता. २०२० मध्ये रोग हार्दांगरविद्दा पठारावर पुन्हा सापडला, म्हणून काही जण तो फसला असं म्हणतात. मला वेगळं वाटतं. पहिल्या वेळी रोग योगायोगाने दिसला, पण त्यानंतर देशाने हजारो नमुने तपासले, म्हणून दुसऱ्या वेळी तो अगदी थोड्या जनावरांत असतानाच सापडला. कळप मारायचा की नाही यावर वाद घालता येतो, पण तो घालता यावा म्हणून आधी डोळे उघडे लागतात.

अमेरिकेतल्या शिकाऱ्याला आज काय हवं आहे, ते फार साधं आहे. तपासणीसाठी हरणाचं डोकं कुठे द्यायचं, निकाल किती दिवसांत येईल, आणि हाडं-आतडी कुठे टाकायची. विस्कॉन्सिनमध्ये लोकांनी स्वतः पुढे येऊन कलेवरांसाठीचे कचऱ्याचे डंपस्टर आणि नमुने द्यायचे कट्टे दत्तक घेतले आहेत. लोक तयार आहेत, याहून मोठा पुरावा कशाला? निकाल यायला दोन-तीन आठवडे लागले तर मांस तोवर फ्रीझरमध्ये अडकतं, मग पुढच्या वर्षी माणूस डोकं द्यायलाच येत नाही. प्रयोगशाळांची क्षमता वाढवणं हे संशोधनाइतकं चमकदार नाही, पण प्रत्येक डॉलरमागे तिथे सर्वाधिक हाती लागतं, असं मला वाटतं.

पेनसिल्वेनिया, व्हर्जिनिया, विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात हरणं येतात. मुलांना आवडतं म्हणून मका, ब्रेड ठेवला जातो. भूतदया आपल्या अंगातच आहे, पण या रोगाच्या पट्ट्यात एकाच जागी रोज ठेवलेलं खाणं म्हणजे लहानशी चारा छावणीच. कृपा करून ठेवू नका. अनेक ठिकाणी ते बेकायदाही आहे. आणि तिथे मतदार असाल तर तुमच्या प्रतिनिधीला या निधीबद्दल विचारा. तुम्ही शिकार करत नसलात तरी ती हरणं तुमचीही आहेत.

२०२२ च्या कायद्याने दिलेली मुभा २०२८ पर्यंतची आहे. तोवर दरवर्षी पूर्ण ७ कोटींची तरतूद व्हावी, आणि नूतनीकरणाच्या वेळी त्यात तीन बदल व्हावेत: रोग न पोचलेल्या राज्यांच्या तपासणीसाठी वेगळा, कापता न येणारा हिस्सा, जमातींसाठी राखीव हिस्सा, आणि जंगली कळपांना सरकारी चारा घालणाऱ्या राज्यांना तो कमी करण्याच्या लेखी वेळापत्रकाशिवाय नियंत्रणाचा एक डॉलरही नाही. वायोमिंगचे प्रतिनिधी तिसऱ्या अटीला कडाडून विरोध करतील. तरी ती पहिल्या मसुद्यातच असायला हवी.